नाताळातला बागुलबुवा



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, "असा वागलास तर सांताक्लॉज येणार नाही हं!" काही घरांत सांताच्या जागी बाळ येशूचे नाव घेतात. "बाळ येशू बघतोय, शिक्षा करील." आपण हे सहज बोलून जातो. गेल्या नाताळाआधी मात्र या वाक्याने आम्हांला विचारात पाडले.

गव्हाणीची तयारी चालली होती. मातीची मेंढरे पुसताना सहा-सात वर्षांच्या एका मुलाच्या हातून एका मेंढराचा पाय मोडला. त्याने ते गवताखाली लपवले आणि पुढचे दोन रविवार तो मिस्साला यायलाच तयार होईना. पोट दुखते म्हणायचा. आईने जवळ घेऊन विचारले तेव्हा कळले, की बाळ येशू आता आपल्याला धरून नेणार अशी त्याची समजूत झाली होती. ज्याच्या जन्माचा आनंद करायचा, त्याचीच त्या लेकराने धास्ती घेतली होती. हे त्याला कोणी शिकवले? आपणच, सगळ्यांनी मिळून.

मुलांना चांगले वळण लावण्यासाठी त्यांना खोटी भीती घालावी का? हा प्रश्न फार जुना आहे. युरोपात तर नाताळाच्या दिवसांत भीती घालणारी पात्रेच आहेत. संत निकोलस हे चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातील मायरा नगरीचे बिशप. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्ने व्हावीत म्हणून त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या त्याच्या घरात टाकल्या, अशी आख्यायिका आहे. ६ डिसेंबरला त्यांचा सण असतो. सांताक्लॉज त्यांच्यावरूनच आला. परंतु ऑस्ट्रियात आणि जर्मनीच्या दक्षिण भागात आदल्या संध्याकाळी संत निकोलस एकटे येत नाहीत. त्यांच्यासोबत क्राम्पुस असतो. डोक्यावर शिंगे, अंगावर केसाळ कातडे, बाहेर लोंबणारी जीभ, हातात साखळी आणि फोक. द्वाड मुलांना तो पाठीवरच्या टोपलीत घालून नेतो म्हणतात. संतांनी खाऊ द्यायचा आणि क्राम्पुसने धाक घालायचा, अशी ही वाटणी!

आइसलंडमध्ये ग्रीला नावाची राक्षसीण द्वाड मुलांना शिजवून खाते, अशी गोष्ट सांगतात. तिचे तेरा खोडकर मुलगे नाताळाआधी रोज रात्री एकेक करून गावात येतात. कुणी भांडी चाटतो, कुणी दारे आपटतो. या भीतीचा इतका अतिरेक झाला, की अशा गोष्टी सांगून मुलांना घाबरवू नये, असा सरकारी हुकूम १७४६ साली काढावा लागला.

आपल्याकडे गोव्यात आणि मुंबईच्या गावठाणांत ३१ डिसेंबरच्या रात्री 'म्हातारा' जाळतात. गवत आणि जुने कपडे भरून मुलेच तो बनवतात. त्याला कुणी भीत नाही, कारण आत काय भरले आहे ते सर्वांना ठाऊक असते. क्राम्पुसच्या मिरवणुकीतही आईबापांचा हात धरून उभी असलेली मोठी मुले किंचाळतात आणि लगेच हसतात. मुखवट्याआड शेजारचाच कुणी आहे हे त्यांना माहीत असते. जत्रेतल्या सोंगासारखाच हा प्रकार. त्यात वाईट काही नाही. परंतु अंधारात एकट्या मुलाला दाखवलेल्या बागुलबुवाचा मुखवटा कुणी काढत नाही.

"थोडा धाक नसेल तर पोरे बिघडतात," असे आपली वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यात तथ्य आहे. शिस्त हवीच. पण "अभ्यास केला नाहीस तर खेळायला सोडणार नाही" हे खरे बोलणे झाले. "बुवा धरून नेईल" ही थाप झाली. थाप आज ना उद्या उघडी पडते, आणि मग मूल आपल्या खऱ्या शब्दावरही विश्वास ठेवत नाही.

आपल्या शिरूर तालुक्यात हा विश्वास जिवाशी निगडित आहे. उसात बिबट्या आहे, ही काही थाप नव्हे. २०२५ साली पिंपरखेड येथे बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलांचे प्राण गेले. "अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जाऊ नकोस" हे मुलाने ऐकायला हवे असेल, तर त्याआधी आपण त्याला दहा खोटी भये घातलेली नसावीत.

आणि देवाचे काय? शिक्षेच्या भीतीने झालेला पश्चात्ताप अपूर्ण, तर देवावरच्या प्रेमापोटी झालेला पश्चात्ताप परिपूर्ण, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. भीतीने माणूस देवाकडे वळू शकतो, पण त्याने तिथेच थांबायचे नसते. बेथलेहेमच्या मेंढपाळांची भीतीही देवदूताने आधी घालवली, आणि मगच त्यांना तारणाऱ्याच्या जन्माची वार्ता दिली. जो देव बाळ होऊन आला, त्याला आपण बागुलबुवा करावे काय? भ्यालेले मूल चूक करायचे थांबत नाही. ते फक्त चूक लपवायला शिकते. आपण मोठी माणसे तरी पापनिवेदनाला जायचे का टाळतो, हे ज्याने त्याने मनाशी तपासावे.

त्या मुलाच्या आईने त्याला गव्हाणीजवळ आणले. दोघांनी मिळून मेंढराचा पाय चिकटवला आणि ते पुढच्याच रांगेत ठेवले. पाय थोडा वाकडा बसला होता, पण नाताळाच्या मिस्साला तो मुलगा सर्वांना तेच मेंढरू दाखवत होता.

यंदा आपण एवढे करू या. बाळ येशूचे नाव धमकीसाठी घ्यायचे नाही. मुलाने चूक कबूल केली तर आधी त्याला जवळ घ्यायचे, मग समजावायचे. आणि कॅरल गायला वाड्यावस्त्यांवर जाताना मुलांना एकटे सोडायचे नाही. त्यामागचे कारण मात्र त्यांना खरे तेच सांगायचे.