रथाचा भार आणि मुक्या जिवाचा प्रश्न

भक्ती माणसाची आणि ओढ बैलाची, ही वाटणी न्याय्य आहे का, हा प्रश्न दौंड तालुक्यात दरवर्षी आषाढी वारीत उभा राहतो. तुकाराम महाराजांची पालखी यवत, वरवंडहून पाटसला येते आणि पुढे रोटी घाटाचा चढ लागतो. सपाटीवर पालखीच्या रथाला पुरणारी बैलजोडी येथे अपुरी पडते, म्हणून जादा जोड्या जुंपल्या जातात. वारकऱ्याने वारीचे व्रत स्वतः घेतलेले असते, बैलाने नाही. ज्याची संमती विचारता येत नाही, त्याची ताकद आधी मोजणे हाच खरा धर्म ठरतो. चढावर जोड्या वाढवण्याचे मोल त्यातच आहे.

हाच न्याय जनावरांच्या वाहतुकीलाही लागू होतो. शिरूरकडच्या बैलगाडा शर्यतींत बैलांपुढे घोडीही धावते. तिला पिकअपमधून नेताना केवळ इंजिनाची ताकद पाहणे पुरेसे नाही. उभ्या जनावराचा तोल प्रत्येक ब्रेकला आणि वळणाला ढळतो. म्हणून भरल्या वजनाला पेलणारे ब्रेक, न घसरणारा तळ आणि उंच, भक्कम कठडे हवेत. वाहतुकीत जनावराला विनाकारण यातना देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. अहिंसेची मागणी मात्र त्याहून मोठी आहे: यातना टाळण्याची तजवीज प्रवासाआधीच झालेली असावी.