ग्रामसभेने आधी गावाला फेरी घालावी

शिरड शहापूरला मल्लिनाथांच्या दर्शनाला लांबलांबून माणसं येतात. तालुक्यालाच, औंढ्याला, नागनाथ आहे. प्रदक्षिणा कशी घालायची हे इकडच्या पोराटोरांनाही शिकवावं लागत नाही. पण ज्या गावात जन्म गेला त्या गावाला पुरती फेरी मारलेली माणसं शोधायला जा, हाताच्या बोटांवर निघतील. घर, पार, बसस्टँड आणि आपलं शेत, संपलं गाव.

माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रामसभेने सतरंजीवर बसण्याआधी ही फेरी घालावी. पेठेतून निघावं, गल्लीबोळांतून प्रत्येक वस्तीत जावं, गायरान आणि स्मशानभूमी बघावी, पांदणीने परत यावं. सोबत तलाठ्याकडचा गावनकाशा आणि गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, असावी. कागद आणि जमीन एकमेकांशेजारी आल्याशिवाय कोण खरं बोलतंय ते कळत नाही.

पांदणीचंच बघा. गाडीवाट नकाशावर दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. कुणी ती एका रात्रीत गिळत नाही. दरसाल नांगरताना एक तास जास्तीचं घालायचं, बांध तेवढा पुढे सरकवायचा, राहिलेल्या जागेत वेडी बाभूळ वाढू द्यायची. वीस वर्षांनी बैलगाडी सोडा, पावसाळ्यात तिरडी न्यायची तर खांदेकऱ्यांना काळ्या चिखलात गुडघाभर रुतावं लागतं. त्या दिवशी सगळे हळहळतात. दिवस घातले की विसरतात.

गायरानाचा विषय निघाला की आवाज चढतात, आणि बोट हमखास भूमिहीनाच्या झोपडीकडे जातं. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, मराठवाड्यातल्या दलितांनी पड गायरानं कसून पोटं भरली, आणि 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय शासनाला 1991 मध्ये घ्यावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं, तेव्हाही भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. निकालाचं नाव घेणारे नेमकं हेच सांगत नाहीत. दोन एकरांवर ज्वारी पेरणारी विधवा आणि सडकेला लागून गाळे काढून भाडं खाणारा पुढारी यांना एकाच यादीत बसवणं हा न्याय नव्हे, चलाखी आहे. फेरीत दोघांच्याही दारात उभं राहावं लागेल. गाळेवाल्याला फेरी नको असते ती म्हणूनच.

नामदेवांना देवळामागे घालवलं तेव्हा देऊळच फिरलं, ही औंढ्याची कथा आपण अभिमानाने सांगतो. गावामागे घालवलेल्या वस्तीकडे मात्र आपल्याकडच्या कित्येक ग्रामपंचायती अजून पाठ करून बसतात. नाली तिथे जाऊन तुंबते, उकिरडा तिथेच पडतो, स्मशानभूमीही जातवार वेगळी. वस्तीतून चालत गेलेल्या माणसाला ‘तिकडचे लोक’ असं म्हणायला थोडं जड जातं. (काहींना तरीही जात नाही, त्यांचं काय करणार!)

बायकांना या फेरीत पुढे ठेवा. सरपण, शेळ्या आणि उजाडायच्या आधी आडोसा शोधण्यापायी गायरानाचा कोपरान् कोपरा त्यांना ठाऊक असतो. कायद्याने ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. अनेक ठिकाणी ती सह्यांच्या वहीतच होते. तीच सभा चालत घेतली तर?

भांडणं होतील, असं लोक म्हणतात. होतीलच. आजही होतात, फक्त रात्री, बांधावर आणि कुऱ्हाडीनिशी. दिवसाढवळ्या, पंचांसमोर, मोजणीची साखळी धरून झालेलं भांडण निदान नोंदवता येतं. 26 जानेवारीच्या ग्रामसभेची दवंडी देताना फेरीची वेळही सांगावी आणि ज्यांच्या कब्जाबद्दल वाद आहे त्यांना नोटीस आधी द्यावी. झेंडावंदन झालं की निघायचं. जे दिसेल ते ग्रामसेवकाने तिथल्या तिथे लिहायचं, दुपारच्या सभेत वाचून दाखवायचं, आणि सुरुवात सरपंचाच्या घराच्या ओट्यापासून करायची.