कृपेच्या बळावर

कोकणातल्या कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की अथांग समुद्रापुढे आपण केवढे लहान, हे आपोआप कळतं. देवाची थोरवी त्याहूनही अपार. आणि ख्रिस्ती श्रद्धा सांगते, तोच थोर देव आपली लायकी न पाहता आपल्याजवळ येतो.

कोकणातच १८६१ साली जन्मलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावल्या. पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१९मध्ये टिळक गेले, तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं.

आज हातातलं काम झेपणार नाही असं वाटत असेल, तर लक्ष्मीबाईंना आठवा; आपलं बळ मोजत बसू नका. देवाची कृपा मागा आणि कामाला लागा.