ओळखीतलं कोण गेलं?

२०२१च्या पावसाळ्यात, करोनाची दुसरी लाट ओसरत असताना, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या बाजारपेठेत नाहीतर मुरबाडच्या एसटी स्टँडवर चहा घेताना दोन वाक्यं हमखास कानावर पडायची. एक होतं, ‘करोना-बिरोना काही नाही, आपल्या ओळखीतलं एक तरी गेलं असेल तर नाव सांग.’ आणि दुसरं, ‘ओळखीतले किती गेले ते मोजायचंच सोडून दिलं.’ बोलणारे एकाच तालुक्यातले, कधी तर एकाच बाकावरचे. पहिल्याला अडाणी आणि दुसऱ्याला घाबरट ठरवून तेव्हा आपण मोकळे झालो. इतक्या वर्षांनी मला वाटतं, दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. फक्त त्यांच्या बोलण्यात रोगाची माहिती कमी होती आणि गोतावळ्याची जास्त.

या चहाच्या बाकावरच्या प्रश्नाला शास्त्रात जागा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटीत भयंकर भूकंप झाला. किती मेले यावर एकमत होईना. तेव्हा रसेल बर्नार्ड हा अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ आणि पीटर किलवर्थ हा ब्रिटिश समुद्रशास्त्रज्ञ (समुद्राच्या प्रवाहांचा माणूस या भानगडीत कसा शिरला, हा एक वेगळाच लेख होईल) यांनी उलट्या बाजूने विचार केला. शहरातल्या माणसांना एवढंच विचारायचं, की भूकंपात गेलेलं कुणी तुमच्या ओळखीचं होतं का? एका माणसाला सरासरी किती माणसं माहीत असतात हे कळलं, की या उत्तरांवरून मृतांच्या संख्येचा अदमास लागतो. पुढे अमेरिकेत त्यांनी ही सरासरी काढली, ती २९०च्या आसपास आली.

आता हा हिशेब आपल्याकडे लावून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२मध्ये अंदाज मांडला, की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख माणसं जास्त मेली. त्याच काळातली करोनामृत्यूंची सरकारी नोंद ४ लाख ८० हजारांच्या घरात होती, आणि सरकारने तो अंदाज साफ नाकारला. १४० कोटींत ४७ लाख म्हणजे तीनशेमागे एक. सरकारी आकडा धरला तर २,९००मागे एक. म्हणजे ज्याच्या ओळखीत तीनशे माणसं आहेत अशा दहा भारतीयांपैकी नऊ जणांच्या ओळखीतलं कुणीच करोनाने जायला नको होतं. महाराष्ट्रात नोंद त्यातल्या त्यात बरी झाली, एकूण १ लाख ४८ हजार. ती धरली तरी तिघांतल्या निदान दोघांची यादी कोरी राहायला हवी. वाचकाने आपली यादी मनात आठवावी आणि ठरवावं. साथरोगतज्ज्ञ प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच वळणाने जाऊन १ लाख ३७ हजार लोकांच्या फोनवरच्या उत्तरांतून घराघरातले मृत्यू मोजले आणि जुलै २०२१पर्यंत देशात ३२ लाख करोनामृत्यू झाले असावेत असं जानेवारी २०२२मध्ये मांडलं. जन्म-मृत्यू नोंदणीचे केंद्राचे २०२१चे आकडे तर २०२५ साली बाहेर आले. २०१९मध्ये नोंदलेले सगळे मृत्यू ७६ लाख, २०२१मधले १ कोटी २ लाख.

पण २९० ही अमेरिकेतल्या माणसाची सरासरी. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, धसई या पट्ट्यातल्या शेतकरी माणसाची ओळख एवढ्यावर कशी भागेल? भावकी, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे, आसनगावहून सकाळची लोकल पकडणारा गाडीतला ग्रुप, कल्याणच्या कारखान्यातले सोबती, म्हसाच्या यात्रेत बैल दाखवताना झालेली दोस्ती. याची लेखी नोंद घरोघरी असते, ती म्हणजे आहेराची वही. कुणाच्या लग्नात कुणी किती दिले, कुणाला परत किती द्यायचे. अशा वहीत सातशे-आठशे नावं सहज निघतात. २०२२च्या उन्हाळ्यात पुन्हा भर गर्दीत हळदी आणि लग्नं सुरू झाली तेव्हा पत्रिका लिहायला या वह्या उघडल्या गेल्या आणि कुठलं नाव खोडायचं, कुणाच्या जागी मुलाचं नाव घालायचं, हे ठरवताना घरातल्या बायकांनी जी मोजदाद केली, ती माझ्या मते तालुक्यातली सर्वांत नेटकी मृत्युगणना होती. तिच्यात कारण नव्हतं, तारीख नव्हती, पण चूकही नव्हती.

मग पहिल्या वाक्यातला माणूस, ज्याच्या ओळखीतलं कुणीच गेलं नाही, तो कुठून आला? त्याच्याही वहीत खोडलेली नावं होती. तो त्यांना करोना म्हणत नव्हता.

एप्रिल-मे २०२१मध्ये आमच्याकडे सगळ्यांना ‘टायफॉईड’ निघत होता. गावातल्या दवाखान्यात विडाल चाचणी व्हायची, ती हमखास पॉझिटिव्ह यायची, सलाईन लागायचं, तीन दिवस इंजेक्शनं. करोनाची चाचणी लोक टाळत होते आणि त्याला कारण होतं. नाव यादीत गेलं, की रुग्णवाहिका दारात, घराला पट्टी, शेजारी विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, आणि माणूस भिवंडी नाहीतर ठाण्याकडे नेला की तो परत कसा येईल याचा भरवसा नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी धाप लागली, की मग धावाधाव. ‘ऑक्सिजन किती?’, ‘सीटीचा स्कोअर किती आला?’, ‘बेड मिळतो का बघ’ ही तीन वाक्यं त्या दोन महिन्यांत या भागात नमस्कारासारखी वापरली गेली. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय भरलं, की वाट दोन दिशांना फुटायची, खाली कल्याण-ठाण्याकडे किंवा कसारा घाट चढून नाशिककडे. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळला आणि व्हेंटिलेटरवरची वीसहून जास्त माणसं काही वेळात गेली, तेव्हा घाटाच्या वाटेवरचाही विश्वास उडाला. त्यामुळे बरेच जण घरीच गेले. घरी गेलेल्याचं कारण घरच्यांनी सांगायचं, आणि घरचे टायफॉईड सांगत.

याला लपवाछपवी म्हणायला मी तयार नाही. मयत ही आमच्याकडे सगळ्या गावाची गोष्ट असते. कळल्यावर हातातलं काम टाकून निघायचं, खांदा द्यायचा, सावडायला जायचं, भावकीने शिजवलेला कडू घास त्या घरात न्यायचा. ‘आमच्या मयताला आला नाही’ या एका कारणावरून दोन घरांतलं बोलणं पिढीभर बंद राहिल्याची उदाहरणं प्रत्येक गावात आहेत. करोना म्हटलं की हे सगळं बंद, वीस माणसांची मर्यादा, नाहीतर शहरातल्या महापालिकेच्या स्मशानात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं शरीर आणि मुलाच्या मोबाइलवर दिसलेलं तेवढंच. टायफॉईड म्हटलं, की निदान भाऊबंद खांद्याला येत. मेलेल्या माणसाला त्याची माणसं मिळावीत म्हणून रोगाचं नाव बदललं गेलं. त्या खांद्यांतून रोग पसरला, हेही खरं. आणि नाव बदललं म्हणून पुढे त्याच्या बायकोला नुकसान झालं.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१च्या शेवटी करोनाने गेलेल्याच्या वारसाला ५० हजार रुपये द्यायचं ठरलं. त्यासाठी चाचणीचा अहवाल हवा, नाहीतर रुग्णालयाचे कागद. विडालच्या चिठ्ठीवर काय मिळणार? कायद्याने मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, खेड्यात ती तेव्हा ग्रामसेवकाकडे व्हायची. घरी गेलेल्या माणसाच्या नावापुढे तो बिचारा डॉक्टरच्या दाखल्याशिवाय दुसरं काय लिहिणार? देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचातल्या एकाचं कारण डॉक्टरने लिहून दिलेलं असतं. बाकीच्यांचं कारण आपल्या मनात.

हे आजचं नाही. मुंबई इलाख्यात १९१८च्या शरदात इन्फ्लुएंझाने दहा लाखांहून अधिक माणसं गेली. मराठी माणसाने त्या साथीला मानमोडी म्हटलं. तेव्हा खेड्यातली मृत्यूची नोंद गाव नमुना १४मध्ये व्हायची, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्या काळच्या नोंदणीत कारणाच्या रकान्याला ‘ताप’ पुरेसा होता, आणि मानमोडीचे बहुतेक मृत्यू तापाखालीच दडले. त्या वह्या अजून तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत आहेत. गेल्या काही वर्षांत त्या बाहेरही निघाल्या, कुणबी नोंदी शोधायला. जातपडताळणीसाठी पणजोबाच्या नावापुढची जात पाहायची, तिची नक्कल काढायची आणि वही मिटायची. त्याच ओळीत पणजोबा कोणत्या महिन्यात कशाने गेला हे लिहिलेलं असतं, तिकडे कुणाची नजर जात नाही. पानामागून पान त्याच आश्विन-कार्तिकातली नावं, कारण ताप. सव्वाशे घरांच्या गावाला पुरून उरेल असा शोक त्या वह्यांमध्ये पडून आहे आणि आपण त्यातून जातीचा दाखला तेवढा काढून आणला. मानमोडीत आपल्या घरातलं कोण गेलं, हे सांगू शकणारी किती कुटुंबं आज शहापूर-मुरबाडात सापडतील? मी विचारून पाहिलं. प्लेगच्या आठवणी निघतात, मानमोडीच्या जवळजवळ नाहीत.

म्हणजे गावाची आठवणही शंभर वर्षं टिकत नाही. आणि मुळात ती सगळ्यांची नसतेच. आहेराच्या वहीचं मी एवढं कौतुक केलं, पण तिच्यात कातकरी आदिवासीचं नाव नसतं. लावणीला येणारा, लाकूडफाटा आणणारा, रानभाजी आणि खेकडे दारावर विकणारा कातकरी गावाला तोंडाने माहीत असतो. त्याच्या पाड्यावर कोण कधी गेलं हे विचाराल तर गाव गप्प. दिवाळीनंतर वीटभट्टीच्या मालकाची उचल घेऊन ही कुटुंबं भिवंडी-कल्याणकडे निघतात, ती पाऊस तोंडावर आल्यावर परततात. दुसरी लाट नेमकी याच महिन्यांत आली. भट्टीवर माणूस गेला तर मालक फार तर टेम्पो देतो. आणि कायदा म्हणतो, मृत्यू जिथे झाला तिथे नोंद करा, म्हणजे ज्या ग्रामपंचायतीत या माणसाला कुणी ओळखत नाही तिथे. ओळखणारे पाड्यावर, नोंदवही भट्टीच्या गावात. चाचणी नाही, दाखला नाही, एवढ्या महिन्यांची अनुपस्थिती तर नेहमीचीच. तो परत आला नाही, एवढंच.

विनोद असा, की त्याच दिवसांत देशाला कातकऱ्याची फार गरज पडली होती. प्रतिकारशक्तीच्या नावाने गुळवेलीला भाव आला आणि शहापूरच्या कातकरी तरुणांच्या संस्थेला मोठ्या औषध कंपन्यांकडून दीड कोटीच्या आसपास रुपयांच्या मागण्या आल्या. केंद्र सरकारने त्याची यशोगाथा केली. ती मुलं खरंच कर्तबगार, त्यांच्या यशात मला काही खोट काढायची नाही. पण शहरातल्या लाखो घरांत पाड्यावरची गुळवेल पोचली आणि पाड्यावरचं माणूस मात्र कुणाच्या ओळखीत पोचलं नाही.

ओळखीचं हे असंच असतं, एका बाजूने वाहतं. तानसा आणि भातसाचं पाणी पिणाऱ्या मुंबईकराला शहापूरचं एक गाव सांगता येत नाही. मे २०२१मध्ये लशीचे स्लॉट ॲपवर उघडले तेव्हा ठाणे-मुंबईच्या गाड्या खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपुढे लागल्या. ज्यांच्या गावात केंद्र होतं ते कडेला उभे राहून बघत होते. त्याआधीच्या वर्षी याच तालुक्यातून, मुंबई-नाशिक महामार्गावरून, हजारो माणसं उत्तरेकडे चालत गेली. शहापूरकरांनी त्यांना भाकरी दिली, पाणी दिलं, चपला दिल्या, आणि त्याच आठवड्यांत आपल्या गावांच्या वाटा काटेरी फांद्या टाकून बंदही केल्या. कसाऱ्याचा घाट चढून गेलेल्यांपैकी कोण पोचलं, हे इथल्या कुणाला सांगता येईल? बर्नार्ड आणि किलवर्थची पद्धत इथे हात टेकते. ज्याला कुणी ओळखत नाही तो ओळखीच्या हिशेबातही येत नाही.

तरी एक माणूस या सगळ्या वह्यांच्या पलीकडे होतं. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली आणि आशा सेविका बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन घरोघर फिरल्या. घरोघर म्हणजे गावठाणात आणि पाड्यावरही. सरपंच पाड्यावर मतांच्या वेळी जातो, दुकानदार जातच नाही. आशाताई सगळीकडे जाते, आणि कोणत्या घरात टायफॉईड कशाला म्हणतात हे तिला पक्कं माहीत असतं. तिच्या हातच्या याद्यांमधल्या घरांशी आजची घरं ताडून पाहिली, तर काय दिसेल ते दिसेल.

शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. अशा क्षेत्रांसाठी असलेल्या पेसा कायद्याने इथल्या पाड्याला स्वतःची ग्रामसभा भरवता येते. तिने २०२० आणि २०२१ साली गेलेल्यांची यादी करायची ठरवली तर कुणाची परवानगी लागत नाही. रकाने फार नकोत. नाव, वय, कुठे गेलं, घरचे काय सांगतात, जवळ कोण होतं. भांडणं होतील, एखादा म्हणेल माझा बाप दारूने गेला, करोनात कशाला घालता. होऊ द्यावीत, यादीत ‘घरचे काय सांगतात’ हा रकाना त्यासाठीच आहे. लिहायला आशाताईला बसवावं. आणि त्या दिवसांचा मोबदला तिला आधी हातात द्यावा, कारण दुसरी लाट पुरती ओसरायच्या आत, १५ जून २०२१पासून, वाढीव मानधनासाठी राज्यभरच्या आशांना संपावर जावं लागलं होतं.