दोघांच्या सहीचं खातं

मर्यादा ही चीज आम्हा पुरुषांना फार प्रिय. इतकी प्रिय, की आपल्याजवळ ठेवली तर झिजेल, या भीतीनं आम्ही ती कायम बायकांकडे सांभाळायला देतो. बँकेत कारकुनी केल्यामुळे मला सगळं लॉकरच्या भाषेत चटकन कळतं. दागिना आमचा, जोखीम त्यांची. आणि किल्ली? ती चौथ्या मजल्यावरच्या काकांकडे!

परवा हे काका तणतणतच आले. मैत्री पार्कच्या थांब्यावर पुण्याच्या एसटीची वाट बघत असताना त्यांना एक बाई तान्ह्या पोराला अंगावर पाजताना दिसली.

"अहो, भर रस्त्यात! लोकांनी बघायचं तरी काय?"

"काका, लोकांनी एसटी बघायची."

चेंबूरकरांना हे सांगायला नको. मैत्री पार्कला नजर क्षणभर ढळली, की एसटी एकदम पनवेललाच सापडते. अशा ठिकाणी काकांना दुसरीकडे बघायला सवड कशी मिळाली, याचंच मला नवल वाटलं.

तसे काका मूळचे रसिक. 1985 साली आपल्या चेंबूरच्याच आर. के.चा 'राम तेरी गंगा मैली' आला. राज कपूर यांनी दिग्दर्शित केलेला हा शेवटचा चित्रपट. त्यात नवऱ्याच्या शोधात निघालेली गंगा आगगाडीत मुलाला पाजते. या दृश्यावरून पुष्कळ आरडाओरडा झाला आणि चित्रपट तुफान चालला. काकांनी तो तीनदा पाहिला. "रवींद्र जैनचं संगीत हो!" असं ते आजही सांगतात. पुढच्याच वर्षी, 1986 मध्ये, सरकारनं खऱ्या गंगेच्या शुद्धीकरणाची योजना सुरू केली. तिकडे मात्र काका एकदाही फिरकले नाहीत.

आर. के. स्टुडिओला 2017 मध्ये आग लागली, पुढे तो विकलाही गेला. प्रश्न मात्र जाग्यावरच आहे. तिकीट काढून अंधारात पाहिली ती कला आणि उजेडात फुकट दिसला तो निर्लज्जपणा, हा हिशेब कुठल्या खतावणीत बसवायचा? वास्तविक पाहता उलटच म्हणायला हवं. पडद्यावरचं दृश्य आपल्यासाठीच मांडलेलं असतं. थांब्यावरचं दृश्य एका दीड फुटी माणसाच्या पोटासाठी असतं. तिथं आपण प्रेक्षक नव्हे, आगंतुक!

एकदा आमच्या शाखेत असाच प्रसंग आला. एक बाई तान्हं मूल घेऊन केवायसीचे कागद द्यायला आल्या. नियमाप्रमाणे सर्व्हर बंद. मुलाला हा नियम ठाऊक नसल्यामुळे त्यानं भोकाड पसरलं. कुणीतरी सुचवलं, "आत रेकॉर्ड रूममध्ये बसा ना." या खोलीत तीस वर्षांची व्हाउचरं आणि त्यांच्यावर पोसलेली कसर राहते. आमचे शिपाईसुद्धा तिथं नाकाला रुमाल लावून जातात! शेवटी आमच्या हेड कॅशियर बाई उठल्या, एक खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि म्हणाल्या, "बसा हो, इथंच पाजा." बाईंनी ओढणी सारखी केली. रांगेतले सगळे पुरुष एकदम मुदत ठेवींचे व्याजदर वाचू लागले. इतक्या एकाग्रतेनं तो तक्ता आजवर कुणीही वाचलेला नाही. दहा मिनिटांत मूल झोपलं. संस्कृती बुडाली नाही. सर्व्हर तेवढा बुडालेला होता, तो तसाच राहिला.

आपल्याकडे या प्रश्नावर 'हिरकणी कक्ष' नावाचा तोडगा निघाला आहे. एसटीच्या स्थानकांवर ही पाटी तुम्ही पाहिली असेल. नाव रायगडच्या हिरकणीचं. आख्यायिका अशी, की दूध विकायला गडावर आलेल्या हिरकणीला दरवाजे बंद झाल्यामुळे अडकून पडावं लागलं. तेव्हा घरी तान्हं बाळ भुकेलं आहे म्हणून ती रात्री कडा उतरून गेली. म्हणजे भुकेपुढे जिनं बंद दरवाजा मानला नाही, तिच्याच नावानं आपण दरवाजा बंद होणारी खोली बांधली! तीही मिळेलच असं नाही. डिसेंबर 2022 मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं मूल घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा तिथं असा कक्ष उघडला गेला. पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबईच्या अधिवेशनात त्याच आमदारबाईंना कक्षातल्या धुळीबद्दल तक्रार करावी लागली. कायदे करणाऱ्या आईची ही कथा, मग थांब्यावरच्या आईनं कुठं जायचं?

हे सगळं मी तावातावानं घरी ऐकवलं, तेव्हा आमची ही शांतपणे म्हणाली, "भाषण झालं? मला विचाराल तर मला खोलीच हवी होती. चारचौघांत पाजायला मला संकोच वाटायचा."

बरोबर आहे. तो संकोच तिचा, म्हणून त्याची व्यवस्था झालीच पाहिजे. खोली हवी, पंखा हवा, आतून कडीही हवी. पण ती खोली मागणाऱ्या आईची सोय असावी. न मागणारीला शिक्षा म्हणून नव्हे. संकोच काकांना वाटत असेल, तर कोंडून घ्यायची पाळी काकांची. बाळाची नाही.

आपल्या आज्या-पणज्यांनी शेताच्या बांधावर, जत्रेत, बैलगाडीत मुलं पाजली. त्यांच्याकडे खोली नव्हती, पदर होता. पण नुसत्या पदरानं भागत नव्हतं. समोरचा माणूस मान वळवत असे, तेव्हा कुठे ती मर्यादा पुरी होई. मर्यादा हे असं संयुक्त खातं आहे. त्यावर दोघांच्या सह्या लागतात. आपण एकट्या आईच्या सहीचा चेक खिडकीवर सरकवतो आणि तो परत आला, की तिच्याच नावानं दंड लावतो.

बँकेत असं चालत नाही हो. आम्ही साफ सांगतो : दुसरी सही आणा.