आवाजाची साक्ष

अमेरिकी ‘मसल कार’ मी कधी चालवलेली नाही, पण तिच्या चाहत्यांची तक्रार मला हसण्यावारी नेता येत नाही. 2023 च्या अखेरीस डॉजने व्ही-8 इंजिनाची चॅलेंजर बंद केली आणि पुढच्या वर्षी विजेवरची चार्जर डेटोना आणली. तिच्यात 670 अश्वशक्ती आहे. 1960 च्या दशकातल्या गाड्या तिच्या जवळपासही येणार नाहीत. तरी चाहते नाराज. विजेच्या मोटरला गर्जना नसते, म्हणून कंपनीने ती मुद्दाम घडवून बसवली, हेच त्यांना खुपते.

व्ही-8 ची गर्जना म्हणजे खरे तर वाया गेलेली ऊर्जा. ती कुणाला ऐकवण्यासाठी निघत नाही, म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो. आत इंधन जळते आहे, याची ती साक्ष असते. घडवलेली गर्जना कशाची साक्ष देणार?

इथवर मी चाहत्यांच्या बाजूचा. (मध्यरात्री त्या साक्षीने दचकून उठणाऱ्या शेजाऱ्याचे मत वेगळे असेल.) पण सायलेन्सरचा सूर कारखान्यात जुळवून घेतलेलाच असे ना? 2015 च्या चार सिलिंडरच्या मस्टँगमध्ये तर इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत सोडला जाई. म्हणजे साक्षीदाराला पढवणे पेट्रोलच्या काळातच सुरू झाले होते. विजेच्या गाडीने ते फक्त उघड केले. ती मुकी ठेवली असती, तर मला अधिक आवडली असती.

डॉजने आता पेट्रोलवरची चार्जरही पुन्हा आणली आहे. सिलिंडर मात्र सहाच.