वीणेचा पहारा

वाशिम जिल्ह्यात नामाचं वेड जुनं आहे. शेगावची पालखी मेडशी, शिरपूर, रिसोडच्या वाटेनं पंढरीला निघते, तेव्हा तिफण थांबवून माणसं दर्शनाला रस्त्यावर येतात. आणि गावोगावचे हरिनाम सप्ताह आहेतच. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन. मांडव भरतो तो कीर्तनाला, पण सप्ताह तोलून धरतात ते वीणेकरी.

सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, नाम खंडू द्यायचं नाही, म्हणून गावकरी पहारे वाटून घेतात. रात्री दोनच्या पहाऱ्याला ऐकायला कुणी नसतं. दिवसभर हरभरा सोंगून आलेला माणूस वीणा गळ्यात घेऊन, तार छेडत, ‘रामकृष्णहरी’ म्हणत उभा असतो. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात दिलेला हाच मंत्र. वेळ भरली की पुढचा येतो. वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. धाकट्याच्या पायांना थोरला हात लावतो, मजुराच्या पायांना मालक. साऱ्या सप्ताहात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा क्षण. इथं नाम नुसतं तोंडात राहत नाही, मान लवते.

म्हणूनच पहाऱ्याची यादी बघावीशी वाटते. अनेक गावांत तिच्यात एकाही बाईचं नाव नसतं. काही वस्त्यांना तर कुणी विचारायलाही जात नाही. त्याच मांडवात जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाईंचे अभंग मात्र गळा भरून म्हटले जातात. चोखोबांना विठ्ठलाच्या दाराबाहेर उभं राहावं लागलं ते चौदाव्या शतकात. ते दार दलितांना उघडावं म्हणून 1947च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. मधली सहाशे वर्षं टाळ वाजत होते, दिंड्या चालत होत्या, नामाचा गजर होत होता. त्या गजरात फार थोड्यांना ही उणीव जाणवली, याचं फार वाईट वाटतं.

यंदा सप्ताहाची बैठक बसेल तेव्हा वर्गणीच्या आकड्याआधी ही यादी मोठ्यानं वाचावी. रात्रीच्या पहाऱ्याला माणूस मिळत नाही, अशी कुरकुर तिथं होतेच. रोज सांजेला देवळात हरिपाठ म्हणणाऱ्या भजनी मंडळातल्या बायकांना आणि गावाच्या त्या टोकाच्या वस्तीला एकदा विचारून तर बघावं.